एक नंबरचा सापळा

प्रभाकरराव फाटक ढकलून अंगणात आले, तेव्हा त्यांच्या दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. सुलोचना ओसरीवर ज्वारी पाखडत बसली होती. सूप थांबवून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कैलास आहे का?"

"नाई जी. डवरं घेऊन वावरात गेले. काऊन, काय झालं?"

प्रभाकररावांनी दुपट्टा सोडला आणि सुपाशेजारी झटकला. कपाशीची पंधरा-वीस फुलं भुईवर पडली. एकही उमललेलं नव्हतं. पाकळ्या टोकाशी चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या, आणि प्रत्येक कळी मधोमध नखानं चिरलेली.

"तुमच्या पौर्णिमाचं काम आहे हे. माह्या वावरातून तोडली, चिरली अन् धुऱ्यावर फेकून देल्ली."

सुलोचनानं एक कळी उचलली. आत पांढुरकी, पुसट गुलाबी अळी आळोखेपिळोखे देत होती. "डोमकळी आहे भाऊ. हिचं बोंड कुठं होते?"

"डोमकळी असो नाईतं कायची कळी असो, माह्या वावरातली आहे ना? अन् वहीत काय लिहून राह्यली ते? माहं नाव लिहिते म्हणे. उद्या कोणी साहेब येईन, म्हणन या गावात अळी याच्याच वावरातून पसरली. मागच्या साली माही अर्धी पऱ्हाटी किडली, तवा कोणी आलं नाई पाह्याले. आता पोट्टी धाडली!"

"कोणी धाडली नाई जी. शाळेचं काई तरी आहे."

"शाळेचं शाळेत कराव," प्रभाकरराव म्हणाले आणि फाटक उघडंच टाकून निघून गेले.

त्यांचं वावर आणि कैलासचं वावर धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून होतं. कैलासच्या वावरात जायची बैलवाट प्रभाकररावांच्या वावरातूनच जायची, बापजाद्यापासून. त्यामुळे त्यांच्याशी वाकडं घेणं परवडण्यासारखं नव्हतं. सुलोचनानं फुलं गोळा करून चुलीत टाकली. ओल्या पाकळ्या चरचरल्या.

पौर्णिमा नववीत होती. समुद्रपूरच्या हायस्कूलला सायकलनं जायची. जुलै लागला तसं तिनं वावरात पाच सापळे लावले होते. हिरव्या टोपीखाली लोंबणारी प्लास्टिकची लांब पिशवी, टोपीत एक वासाची गोळी. त्या वासाला बोंडअळीचे नर पतंग भुलून येतात आणि पिशवीत अडकतात. पोरगी रोज सकाळी साडेसहाला जाऊन पतंग मोजायची आणि वहीत लिहायची. जिल्ह्याची विज्ञान संशोधन स्पर्धा आहे, एवढंच तिनं घरी सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी सुलोचनानं तिला ओसरीवर बसवलं. सासू मनकर्णाबाई खाटेवरून ऐकत होती.

"दुसऱ्याच्या वावरात पाय काऊन ठेवला?"

"आपल्याच वावरातलं पाह्यलं तं ते संशोधन नाई होत, आई. बाजूचंबी पाहा लागते."

"कोण म्हणते?"

"शरयू मॅडम."

"मॅडमच्या बापाचं वावर आहे का ते?" मनकर्णाबाई खाटेवरून म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या शरयू मॅडम स्कुटीवरून आल्या. तिशीची बाई, पायांत बूट, खांद्याला पिशवी. वावरात जाऊन त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. सापळ्यांचे, कपाशीचे, आणि कोपऱ्यातल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, गंजीचेसुद्धा. सुलोचनाला ते खटकलं. तिनं घरी नेऊन चहा दिला, पण स्वतः चौकटीला टेकून उभीच राहिली.

"मॅडम, तुमाले याच्यात काय भेटते?"

"मला? काही नाही हो," मॅडम हसल्या. "पौर्णिमा हुशार आहे. प्रश्न चांगला विचारते. तिनं स्पर्धेत उतरावं एवढंच."

काही नाही म्हणणाऱ्या माणसांचीच सुलोचनाला धास्ती होती. चार वर्षांपूर्वी असाच एक गोड बोलणारा माणूस आला होता. काही नको म्हणाला, कैलासला कपाशीत उभं करून फोटो तेवढे काढून घेऊन गेला. पुढच्या हंगामात बाजारात बियाण्याचं भलंमोठं पोस्टर लागलं. पोस्टरवर कैलास हसत होता, आणि त्याच्यामागं बोंडांनी लगडलेली कोणा भलत्याचीच कपाशी. ते बियाणं कैलासनं कधी पेरलंही नव्हतं. ज्यांनी पोस्टर पाहून पेरलं त्यांचं उगवलं नाही. दोन वर्षं लोक कैलासला 'पोस्टर' म्हणत. चावडीवरून जाताना तो मान खाली घालून जायचा.

"गंजीचा फोटो काऊन काढला?" तिनं विचारलं.

मॅडमनी पौर्णिमाकडे पाहिलं. पौर्णिमानं कपातल्या चहाकडे.

"सगळ्याच गोष्टींचे काढतो आम्ही," मॅडम म्हणाल्या. "निष्कर्ष आधी सांगायचा नसतो, ताई. पूर्ण मोजून झाल्यावरच."

मॅडम गेल्या, पण ते वाक्य सुलोचनाच्या डोक्यातून गेलं नाही. सांगायचं नसतं, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी होतं.

पौर्णिमा शाळेत गेल्यावर सुलोचनानं तिची वही काढली. पाचवीपर्यंत शिकलेली होती. अक्षराला अक्षर लावून वाचता यायचं, आकडे तर झरझर कळायचे. पहिल्याच पानावर वावराचा नकाशा होता. कोपऱ्यात एक काळा चौकोन, त्यावर लिहिलेलं: गंजी. तिथून सरळ रेघ, रेघेवर पाच टिंबं. 'सापळा एक, गंजीपासून पाच पावलं. सापळा दोन, पन्नास पावलं.' असं करत करत सापळा पाच नाल्याच्या काठी, चारशे पावलांवर.

पुढच्या पानांवर रोजचे आकडे. एक नंबरात एकतीस, सत्तावीस, चौतीस. दोन नंबरात एकोणीस, चौदा. पाच नंबरात तीन, एक, दोन. पान उलटा, तेच. महिनाभराचं तेच.

सगळ्यात खाली पौर्णिमाच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: 'गुलाबी बोंडअळीचे पतंग कुठून येतात?'

सुलोचना वही मांडीवर घेऊन बसून राहिली. विचारायला काही उरलं नव्हतं.

ती गंजी तिची होती. दरसालप्रमाणे ह्या फाल्गुनातही, उन्हाचे चटके बसू लागल्यावर, तिनं आणि मनकर्णाबाईनं चिमट्यानं एकेक पऱ्हाटी उपटली होती. चिमट्याच्या दांड्यानं दोन्ही तळहात फुटले होते, खांदे आठवडाभर वर उचलत नव्हते. मग भारे बांधून, डोक्यावरून वाहून, बुडखे बाहेर आणि शेंडे आत अशी तिनं ती गंजी रचली. दोन माणसं उंच. पावसाचं पाणी आत शिरणार नाही अशी. गावातल्या बाया पाहून म्हणायच्या, गंजी रचावी तं सुलोचनानं. घरात गॅस होता, पण तो चहापुरता. चार माणसांच्या भाकरी, अंघोळीचं पाणी, बैलांची सरकी शिजवणं, सगळं त्या पऱ्हाट्यांवर चालायचं.

आणि तिचीच पोरगी वहीत लिहीत होती की गावाला लागलेली कीड त्या गंजीतून निघते. प्रभाकररावांची अर्धी कपाशी मागच्या साली किडली होती. कोणाच्या पापानं, असं ते आजही चावडीवर विचारत होते. पोरगी स्पर्धेला वर्ध्याला जाऊन त्या प्रश्नाचं उत्तर माईकवर सांगणार होती.

मॅडमनी गंजीचा फोटो काढला होता. आणखी एक पोस्टर, तिला वाटलं. ह्या वेळी त्यावर ती स्वतः.

दुसऱ्या दिवशी ती साडेपाचलाच वावरात गेली. फटफटत होतं. गवतावर दव होतं आणि लुगड्याचा काठ घोट्याशी भिजून जड झाला होता. एक नंबरच्या सापळ्याची पिशवी खालून दोरीनं बांधलेली होती. आत करडे, बोटाच्या पेराहून लहान पतंग एकमेकांवर चढून फडफडत होते. तिनं गाठ सोडून पाहिली. निरगाठ होती, दातानं सोडावी लागली. पिशवी धुऱ्यावर रिकामी केली, पायानं माती लोटली. तीन पतंग आत राहू दिले. सगळेच काढले तर पोरीला कळेल. मग दोरी बांधली आणि पदराला हात पुसले. बोटांना चांदीसारखी बारीक भुकटी लागली होती. ती पुसली तरी जाईना.

असं तिनं नऊ दिवस केलं. कधी तीन ठेवले, कधी दोन, कधी चार. रोज तोंडातल्या तोंडात मोजायची, चुकू नये म्हणून.

चौथ्या दिवशी पौर्णिमा परत आली ती वही छातीशी धरून. भाकरी थापणाऱ्या आईजवळ बसली.

"आई, एक नंबरात गडबड होऊन राह्यली. एकदम तीनवर आलं. बाकीचे चार जसेच्या तसे आहेत."

"गोळीचा वास गेला असन."

"नवीन लावली. तरीबी." तिनं वही मिटली. "तू सकाळी जातेस वावरात. कोणी दिसते का तिथं?"

सुलोचनाचा हात भाकरीवर थांबला. पुढं ती जे बोलली, ते तिनं ठरवून बोललं नव्हतं. पण बोलली खरं.

"नाई व माय. प्रभाकरभाऊ असतात तेवढे. त्याइच्या वावरात."

त्यात खोटं एक अक्षरही नव्हतं. प्रभाकरराव रोज पहाटे वावरात असतच. पण दारातून आत येणाऱ्या कैलासनं ते ऐकलं. त्याच्या कपाळावरची शीर उठलेली तिनं पाहिली, आणि तरी ती गप्प राहिली. तव्यावरची भाकरी जळाली.

कैलास त्याच पावली गेला. पारावर माणसं बसली होती. सुलोचना मागून ओढ्यापर्यंत धावली, तेव्हा आवाज ऐकू आले.

"पोरीचा सापळा रिकामा करता? काकाच्या वयाचे तुमी, लाज नाई वाटत?"

"मी? कोणता सापळा बे? मीनं हात नाई लावला तुह्या कचऱ्याले!"

"मंग फुलं आणून बायकोच्या पुढ्यात कोणं फेकली?"

"फेकली! माह्या वावरातली होती! पुन्हा माह्या धुऱ्यावर पाय ठेवला तं पाह्यजो!"

माणसांनी मध्ये पडून सोडवलं. कैलासच्या सदऱ्याची बाही फाटली होती. तो घरी येऊन खाटेवर बसला, आणि सुलोचनानं सुईदोरा घेऊन ती शिवली. टाके घालताना ती त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बैलवाटेवर बोराटीच्या काटेरी फांद्या पडल्या. आडव्या, उभ्या, कंबरभर. पोळा चार दिवसांवर होता. गावचे बैल सजून तोरणाखाली उभे राहिले तेव्हा प्रभाकररावांनी आपली जोडी कैलासच्या जोडीपासून लांब, दुसऱ्या टोकाला नेऊन उभी केली. सगळ्यांनी ते पाहिलं.

सुलोचनानं सापळा रिकामा करणं पोळ्यानंतर थांबवलं. उपयोग काही नव्हता. वाट बंद झालीच होती.

आता वावरात जायचं तर नाल्यातून. गुडघाभर पाणी, शेवाळलेले दगड, वर चढायला निसरडी दरड. बैल तिथून जाईनात. डवरणीचे, म्हणजे कोळपणीचे, दोन फेर राहिले आणि गवत कपाशीच्या वर आलं. ते तिनं आणि मनकर्णाबाईनं विळ्यानं काढलं, ओळीओळीनं, ओणवं राहून. फवारणीचं पाणी, खताची पोती, सगळं डोक्यावरून. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली तसं कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती दरड उतरायची. एकदा पाय घसरला. गाठोडं नाल्यात गेलं, गुडघा दगडावर आपटला. भिजलेला कापूस तिनं आणि पौर्णिमानं बाभळीखाली पसरून वाळवला. पौर्णिमा तिच्या गुडघ्याला हळद लावत होती, आणि काही बोलत नव्हती.

तिचं ते न बोलणं सुलोचनाला खुपत होतं. पोरगी पूर्वी बडबड करायची. आता तिच्याकडे पाहायची, आणि पाहून झालं की वहीकडे पाहायची. सुलोचनानं पुन्हा वही शोधली, पण ती आता दप्तरातच असायची, आणि दप्तर शाळेत.

स्पर्धा डिसेंबरात वर्ध्याला होती. कैलासला हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. पोरीसोबत कोणीतरी हवं होतं.

"मी जातो," सुलोचना म्हणाली. पोरगी तिथं काय सांगते, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती.

सकाळच्या एसटीनं त्या निघाल्या. शरयू मॅडम तिथंच भेटल्या. कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये ओळीनं टेबलं मांडली होती. कुठं दिवे लागत होते, कुठं पाण्याचे पंप फिरत होते. शेजारच्या टेबलावर इला नावाची वर्ध्याची मुलगी होती. तिच्या वडिलांनी छापून आणलेला चकचकीत फलक दोघं मिळून टांगत होते. पौर्णिमाच्या टेबलावर हातानं काढलेला तक्ता होता, एक सापळा होता आणि काचेच्या बाटल्यांत मेलेले पतंग. सुलोचना मागच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिथून तक्ता दिसत होता, पण अक्षर लागत नव्हतं.

परीक्षक म्हणून आलेले धनंजय सर कृषी महाविद्यालयात शिकवत होते. जाड चष्मा, हातात कागदांची पाटी. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग पौर्णिमाकडे पाहिलं.

"हे कोणी करून दिलं?"

"मीच केलं, सर."

"सगळेच असं म्हणतात. मॅडमनी किती केलं? सापळ्यांची जागा कोणी ठरवली?"

"मी पावलं मोजली."

त्यांनी एक बाटली उचलली, झाकण काढून पतंग तळहातावर ओतले. त्यात दोन दुसऱ्याच जातीचे होते, बहुतेक त्यांच्याच खिशातले. "यातले बोंडअळीचे कोणते?"

पौर्णिमानं वाकून पाहिलं. "हे दोन नाईत, सर. याचे पंख रुंद आहेत. हे... हे माह्या बाटलीतले नव्हतेच."

सरांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "आणि हे काय? ऑगस्टअखेर नऊ दिवस. चौतीसवरून एकदम तीन. मग पुन्हा एकोणतीस. हे आकडे बनवलेले वाटतात मला."

"बनवलेले नाईत." पौर्णिमाचा आवाज बारीक झाला. "ते नऊ दिवस धरू नये असं खाली लिहिलं आहे. सापळा रोज सकाळी कोणीतरी रिकामा करत होतं."

"कशावरून?"

"पाचव्या दिवशी मी गंजीच्या मागं, बाभळीच्या आडोशाले सहावा सापळा लावला. कोणाले न सांगता. त्याच्यात रोज तीसच्या वर आले. आकडे हे इथं आहेत."

खांबाला टेकलेल्या सुलोचनानं तो आकडा ऐकला. सहावा सापळा तिनं पाहिला नव्हता.

"रिकामा कोण करत होतं?" सरांनी विचारलं.

पौर्णिमानं तक्त्याचा कोपरा सारखा केला. शरयू मॅडम तिच्याकडे पाहू लागल्या; त्यांनाही ठाऊक नव्हतं हे दिसत होतं.

"माहीत आहे की नाही?"

"माहीत आहे. लिहिलं नाई."

"संशोधनात माहीत असलेलं लपवायचं नसतं. लपवलं तर बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास का ठेवू?"

तिनं मागं वळून पाहिलं नाही. एकदाही नाही. ती वळली असती, बोट दाखवलं असतं, तर सुलोचना कदाचित बाहेर निघून गेली असती. पण पोरगी तक्त्याकडे तोंड करून उभी राहिली, मान ताठ ठेवून, आणि डोळ्यांतलं पाणी तसंच गालावर वाहू दिलं. पुसलं नाही.

"मीनं केला," सुलोचना म्हणाली.

आवाज इतका मोठा निघाला की इलाचे वडीलही वळले. सुलोचना खांब सोडून पुढं आली. "मी हिची माय. गंजी माही आहे. वहीत पाह्यलं अन् मले भेव वाटलं. रोज तीन ठेवून बाकीचे फेकत होती मी. पोरीनं काई बनवलं नाई, साहेब. जे खोटं आहे ते माहं आहे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं. "गंजीतली जुनी बोंडं फोडून पाहिलीस?" त्यांनी पौर्णिमाला विचारलं.

"नाई, सर."

"का? पतंग तिथून निघाले असतील तर बोंडांना भोकं असतील. तोच तर खरा पुरावा."

"गंजी आईची आहे. तिले विचारा लागलं असतं."

"मग विचार," सर म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळी पाच नावं वाचली. ती नागपूरच्या विभागीय फेरीला जाणार होती. पाचवं नाव पौर्णिमाचं होतं, आणि त्याला अट होती: नऊ दिवसांचं कारण अहवालात स्पष्ट लिहावं, आणि गंजीतल्या बोंडांची मोजणी जोडावी. इला तिसरी आली होती. तिच्या वडिलांनी जाताना सुलोचनाकडे वळून पाहिलं. तिनं पदर ओढून घेतला.

परतीच्या एसटीनं हिंगणघाट मागं टाकलं.

"तुले कधी समजलं?" शेवटी सुलोचनानं विचारलं.

"सहाव्या दिवशी. दोरी पाह्यली. मी निरगाठ मारत होती, सकाळी सुरगाठ राह्यची. कापसाच्या ओटीले तू मारतेस तशी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू बोलशीन म्हणून वाट पाह्यली."

"अन् बाबा प्रभाकरभाऊच्या अंगावर गेले ते?"

पौर्णिमा खिडकीबाहेर पाहत राहिली. कापूस वेचून झालेली वावरं मागं पळत होती. "ते आधीच झालं होतं. पण नंतर सांगता आलं असतं. तवा मीबी नाई बोलली," ती म्हणाली.

त्या रात्री सुलोचनानं कैलासला सांगितलं. तो जेवत होता. हातातला घास त्यानं ताटात ठेवला, हात धुतले आणि ओसरीवर जाऊन बसला. मनकर्णाबाईनं सुनेकडे पाहिलं. "बोटाले तुह्या चांदी लागलेली मीनं पाह्यली होती," एवढंच बोलली आणि कुशीवर वळली.

सकाळी सुलोचना एकटीच प्रभाकररावांच्या अंगणात गेली. ते बैलांना ढेप घालत होते. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, गंजी मोडणार आहे हेही. मधे कुठं थांबली नाही.

प्रभाकररावांनी टोपलं खाली ठेवलं.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"काय?"

"पाह्यलं होतं तुमाले. पहाटी माह्या धुऱ्यावर वाकून काईतरी झटकून राह्यल्या, अन् तोंडानं पुटपुटून राह्यल्या. मले वाटलं, बाई करणी करते माह्या वावरावर. भांडण तं कैलासचं होतं, त्याच्यासाठी कोणी वाट बंद करते का? बोराटी मीनं तुमच्या भेवानं टाकली." ते बैलांकडे वळले. "धुऱ्यात लिंबूबी पुरलं."

सुलोचनाला हसू यावं की रडू, कळेना. "मोजत होती मी, भाऊ. तीन ठेवाचे राह्यचे."

"अन् आता हे सांगाले काऊन आल्या? नागपूरले जाचं आहे म्हणून?"

गावात निकाल आधीच पोचला होता. तिनं मान खाली घातली नाही. "तेबी आहे."

प्रभाकररावांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. तोंडावरचा संशय काही गेला नव्हता. "बोराटी काढतो," ते म्हणाले. "पण गंजी मोडाची म्हणता ते मी डोळ्यानं पाहीन. बोलण्यावर नाई."

"पाह्यजा," ती म्हणाली.

आयतवारी तिनं गंजी मोडायला घेतली. एकेक भारा ओढून खाली पाडायचा, शेंडे झटकायचे, वाळलेली काळी बोंडं टोपल्यात तोडायची. धुरळा नाकातोंडात जात होता. जुन्या काट्याकुट्यांनी हात ओरबाडले. कैलास सकाळपासून तिच्याशी बोलला नव्हता, पण दुपारी येऊन वरचे भारे ओढू लागला. धुऱ्यापलीकडे प्रभाकरराव दुपट्टा डोक्याला बांधून उभे होते. मदतीला येत नव्हते, जातही नव्हते.

पौर्णिमा वही घेऊन दगडावर बसली होती.

"नऊ दिवसाचं लिहिलं का?" सुलोचनानं विचारलं.

"लिहिलं. 'घरातील एका व्यक्तीने सापळा रिकामा केला.'"

"कोणत्या व्यक्तीनं? घरात चार व्यक्ती आहेत. उद्या तुह्या आजीवर नाव येईन. माहं नाव लिही. पुरं."

पौर्णिमानं तिच्याकडे पाहिलं, मग ओळ खोडली आणि वरून लिहिलं. सुलोचनानं वाकून अक्षराला अक्षर लावून वाचलं. नाव बरोबर होतं.

मग ती टोपल्याजवळ बसली. शंभर बोंडं मोजून पदरात घेतली आणि एकेक उन्हाकडे धरून पाहू लागली. बहुतेकांच्या कवचाला बारीक, गोल भोक होतं, सुईनं पाडल्यासारखं. फोडलं की आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि मधे पोकळ. तिनं भोकाची एका बाजूला ठेवली, बिनभोकाची दुसऱ्या. उन्हं कलती झाली तेव्हा ती थांबली.

"शंभरात एक्काहत्तर," ती म्हणाली.

पौर्णिमाचं पेन कागदावर टेकलं, पण चाललं नाही. तिनं आईकडे पाहिलं, बोंडांच्या ढिगाकडे पाहिलं.

"नक्की?"

धुऱ्यावर प्रभाकरराव कान देऊन उभे होते. कैलास भारा तसाच खांद्यावर धरून थांबला. सुलोचनानं दोन्ही ढीग हातानं पोरीकडे सरकवले.

"तूच मोज."

पौर्णिमा दगडावरून उठली, मातीत मांडी घालून बसली आणि मोजू लागली. बोट लावून, एकेक, ओठ न हलवता. सुलोचना हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिली. बिनभोकाच्या ढिगातून पोरीनं एक बोंड उचललं, उलटं केलं. देठाशी, पाकळीखाली दडलेलं भोक होतं.

"बहात्तर," ती म्हणाली. "एक सुटलं होतं."

"मंग बहात्तर लिही," सुलोचना म्हणाली, आणि पुढच्या शंभर बोंडांसाठी तिनं टोपल्यात हात घातला.